व्रणांची साक्ष

दादांच्या डाव्या तळहातावर अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत गेलेला एक पांढरा व्रण होता. तो कोणी निरखून पाहू लागले की दादा न विचारता सांगत, "ही दवाखान्याच्या जिन्यातली खिडकी." मधल्या बोटावरची आडवी खूण म्हणजे एका शाळेचे पुस्तकांचे कपाट होते, करंगळीखालची वाकडी खूण म्हणजे लग्नानंतर लगेच बसवलेला स्वतःच्याच घरातला आरसा. त्या खुणेबद्दल ते सांगू लागले की त्यांच्या पत्नी, ज्यांना सारा चौक वहिनी म्हणत असे, हटकून म्हणत, "आरशात स्वतःला बघत होते. लक्ष नव्हतं कामाकडे."

चौकातले काचेचे दुकान दादांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे. जागा अरुंद, पण आत खोलवर गेलेली. दोन्ही भिंतींना लाकडी खाचांतून उभ्या ठेवलेल्या काचा आणि मध्ये जाड कापडाने मढवलेले लांबरुंद मेज. दादा त्यावर काच आडवी टाकत, पट्टी लावत, हिरकणी, म्हणजे काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी, तेलात बुडवून एकदाच ओढत. एकदाच, हे महत्त्वाचे. ओढलेल्या रेघेवरून हिरकणी पुन्हा फिरवली, तर काच भलतीकडे फुटते. म्हणून या कामात हात थरथरून चालत नाही आणि नजर हलून चालत नाही. माझ्या घराच्या सर्व खिडक्यांना दादांच्या हातची काच आहे आणि तिच्या कडा इतक्या सरळ आहेत की पुट्टी भरणाऱ्याला काही काम उरले नव्हते.

या धंद्यातील लोकांचा एक नियम असतो. काचेचा बारीक कण मांसात राहून गेला, तर तो उकरून काढायचा नाही. जखम भरू द्यायची आणि वाट पाहायची. कण आपल्या सवडीने, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी, कातडीपर्यंत येतो आणि एके दिवशी अंघोळीच्या वेळी टॉवेलाला लागून निघून जातो. दादांच्या वडिलांच्या हातातून असे कण निघाले होते, दादांच्याही निघाले होते. हा नियम अनुभवाने सिद्ध झालेला होता, आणि घात झाला तो नेमका त्यामुळेच.

दादांनी पन्नाशी ओलांडल्यावर त्यांचे जुने व्रण सुजू लागले. आधी दवाखान्याची खिडकी जांभळट लाल झाली आणि दोरीसारखी वर उचलली गेली. मग शाळेचे कपाट, मग आरसा. वर्षानुवर्षे पांढऱ्या, निर्जीव पडलेल्या रेघा एकामागून एक जाग्या झाल्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या.

"काच वर येतेय," दादा म्हणाले.

"सगळी एकदम?" धाकट्याने विचारले. "दादा, मग तुझ्या हातातून एखादी अख्खी खिडकी निघेल. मी गिऱ्हाईक बघून ठेवतो."

"विका, विका," वहिनी म्हणाल्या. "दोघं भाऊ मिळून विका. पण आधी डॉक्टरला दाखवा."

"अगं, डॉक्टर नवं काय सांगणार? येतेय वर, येऊ दे."

"आणि पायावर त्या लाल गाठी उठल्यात, त्यांचं काय? नडगीने कधीपासून काच कापायला लागलात?"

"ते पेट्यांचे ठोसे आहेत. माल उतरवताना लागतं."

वहिनींनी हेका सोडला नाही. अखेर दादा त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. मात्र त्यांनी दाखवले ते केवळ हात. पायावरच्या गाठी पेट्यांच्या ठोशांच्या आहेत असे स्वतःच ठरवून टाकल्यामुळे त्या दाखवण्याचे त्यांना कारण दिसले नाही. डॉक्टरांनी एका व्रणाचा टिचभर तुकडा काढून तपासणीला पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात ग्रॅन्युलोमा दिसले. शरीराला जे नष्ट करता येत नाही, त्याला संरक्षक पेशी घेरून बसतात. त्या वेढ्याच्या गाठीला हे नाव आहे. आणि विशिष्ट प्रकाशात पाहिल्यावर त्या गाठीच्या मध्यभागी एक कण लखकन चमकला.

"तुमचंच बरोबर निघालं," डॉक्टर म्हणाले. "काच आहे. शरीर तिच्याशी भांडतंय. मलम लावा."

दादा घरी आले ते निवडणूक जिंकल्यासारखे. पुढचा आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती हकिकत ऐकवली. धाकटा म्हणाला, "आता वहिनी, तुम्ही हरलात." वहिनी म्हणाल्या, "मी हरले तर हरले. ह्यांचा हात तसाच आहे."

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. डॉक्टरांना दिसलेला कण खोटा नव्हता. परंतु एक विकार असा आहे की ज्यात शरीर शत्रू नसतानाही वेढे घालू लागते: फुप्फुसांत, छातीतल्या गाठींत, डोळ्यांत, कातडीत. जुन्या व्रणात वर्षानुवर्षे निमूट पडून राहिलेला काचेचा कण हे अशा वेढ्याला आयतेच ठिकाण ठरते. म्हणजे काच तेथे होती, पण भांडण तिच्यासाठी सुरू झालेले नव्हते. चमकणारा कण दिसला, आणि त्यापुढे कोणी पाहिले नाही. दादांनी नाही आणि डॉक्टरांनीही नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दुकानात येणारा माल खराब निघू लागला.

दादा काच उजेडाकडे धरत, पाहत, आणि बाजूला ठेवत. "धूर आहे हिच्यात." स्पिरिटने पुसत, वर्तमानपत्राने घासत, पुन्हा धरत. धूर जात नसे. त्यांनी एक अख्खी पेटी परत पाठवली. बदली पेटी घेऊन आलेला गाडीवाला चिडलेला होता.

"दादा, एवढी वर्षं तुम्हाला माल देतोय. कारखाना तोच, भट्टी तीच. तुम्हालाच कसा धूर दिसतो?"

"कारण मलाच काच कळते."

"मग चष्मा पुसा एकदा."

"मी चष्मा लावत नाही," दादा ताठ्याने म्हणाले, आणि ती पेटीही परत केली.

गाडीवाला गेल्यावर धाकट्याने त्यातलीच राहून गेलेली एक काच उचलली. उजेडाकडे धरली. उलटसुलट करून पाहिली. तिच्यात काही नव्हते. तो गडी स्वभावाने थट्टेखोर होता, पण त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

"दादा, समोरच्या शिंप्याच्या पाटीवर काय लिहिलंय?"

"ह्या काचेतून वाचू? धुरातून?"

"काच मी खाली ठेवलीय. अशीच वाच."

दादांनी समोर पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. ती पाटी त्यांना पाठ होती. तिच्यावरची काच त्यांनीच बसवलेली होती. त्यांनी ती म्हणून दाखवली असती तर धाकट्याला कळलेही नसते. पण दादा खोटे बोलणारे नव्हते.

"पाटी दिसते," ते म्हणाले. "अक्षरं नाही."

"उजवा मिट."

त्यांनी उजवा डोळा मिटला आणि मेजाची कड हाताने धरली.

"आता?"

"आता पाटीही नाही."

डोळ्यांच्या रुग्णालयातील डॉक्टर बाई वयाने दादांच्या मुलीएवढ्या असाव्यात. यंत्राला हनुवटी टेकवून त्यांनी दादांचे डोळे पुष्कळ वेळ तपासले. बुबुळाच्या आतल्या बाजूस पेशींचे पुंजके मेणाच्या थेंबांसारखे चिकटले होते आणि डोळ्याच्या आतले पाणी गढूळ झाले होते. डावा डोळा मागपर्यंत खराब झालेला होता.

"दुखत नव्हते?"

"नाही."

"लाल झाले? पाणी आलं?"

"नाही."

"मग डोळ्याला काही झालंय असं तुम्हाला वाटलंच नाही?"

"काचेला झालंय असं वाटलं," दादा म्हणाले.

बाईंनी मान वर केली तेव्हा यंत्राची दांडी धरलेले दादांचे हात त्यांच्या डोळ्यांसमोर होते. "हे काय आहे?"

दादांनी कण, वेढा, मलम सारे सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "अंगावर आणखी कुठे काही?"

"नाही."

"नडगी दाखवा," वहिनी मागून म्हणाल्या.

तेथून पुढे दादांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आले आणि तपासण्यांची रांग लागली. छातीच्या क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी सुजलेल्या गाठी होत्या. रक्तात एसीई नावाचे एक द्रव्य, जे वेढ्यातल्या पेशी तयार करतात, नेहमीपेक्षा फार वाढलेले होते. कॅल्शियमही थोडे वर होते. लढणाऱ्या पेशी चिथावल्या गेल्या की त्यांच्या अंगावरून सुटून रक्तात येणारा एक रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारे प्रथिन, असतो, तोही चढलेला. मात्र त्या पेशी स्वतः, म्हणजे लिम्फोसाइट, रक्तात कमी भरल्या.

"लढणाऱ्या जास्त हव्यात ना?" धाकट्याने विचारले. "कमी कशा?"

"रक्तात कमी आहेत, कारण त्या मोर्च्याला गेल्यात," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी दादांच्या फुप्फुसात थोडे पाणी सोडून ते परत काढून तपासले होते. "मोर्चा फुप्फुसात भरलाय. चिथावणाऱ्या जातीच्या पेशी तिथे आवरणाऱ्यांच्या कितीतरी पट सापडल्या. ह्यातली एकेक खूण घेतली तर तिच्यावर मी विसंबणार नाही, दुसऱ्या आजारांतही ती असू शकते. पण सगळ्या एकाच दिशेला बोट दाखवतात. ह्याला सारकॉइडोसिस म्हणतात. क्षयरोग नाही, कुष्ठरोग नाही, कॅन्सर नाही."

"आणि माझ्या हातातली काच?" दादांनी विचारले.

"ती आहे. पण तुमच्या छातीतल्या गाठीचाही तुकडा आम्ही तपासला. तेच वेढे. तिथे काच कुठून आली असती?"

दादांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. आयुष्यभर बाळगलेले ज्ञान असे एका वाक्यात निकालात निघाले होते.

डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितले की डाव्या डोळ्याची आशा नाही. उजवा वाचवायचा आहे आणि तो वाचू शकतो. गोळ्या रोज घ्यायच्या, थेंब रोज घालायचे, आणि सांगितल्याशिवाय एकही कमी करायचा नाही. दादांचा धंदा, दादांचे चालणे-फिरणे, वहिनींचा चेहरा दिसणे न दिसणे, हे सारे आता त्या एका डोळ्यावर येऊन ठेपले होते.

औषधाने चमत्कार केला. महिन्याभरात व्रण बसले, जांभळा रंग ओसरला, नडग्या स्वच्छ झाल्या. उजव्या डोळ्यापुढचा धूर विरला. दादांनी शिंप्याची पाटी दुकानातून मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा शिंपी बाहेर येऊन म्हणाला, "कळलं, कळलं! आता उधारीची पाटी लावतो, तीही वाचा."

परंतु त्या गोळ्यांनी चेहरा सुजला, झोप उडाली आणि हात थरथरू लागला. थरथर अगदी बारीक होती. चहाच्या कपाने सहन केली असती. काच सहन करीना. रेघ मध्येच नागमोडी होई आणि काच भलतीकडे तडके. धाकटा तुकडे गोळा करी आणि म्हणे, "आजकाल काच बिघडलीय, दादा." ती थट्टा होती की दिलासा होता, कोण जाणे.

दादांनी मग आपल्या परीने हिशेब मांडला. रोग हातावर दिसत होता. हातावरून तो गेला. म्हणजे गेला. काच तपासणारा माणूस जे दिसते त्यावर निर्णय देतो. त्यांनी आयुष्यभर दुसरे काही केले नव्हते. त्यांनी गोळ्या अर्ध्यावर आणल्या आणि कोणाला सांगितले नाही. सांगितले ते रक्ताने.

"रिसेप्टर पुन्हा चढतोय," मोठे डॉक्टर म्हणाले. "एसीईसुद्धा. गोळ्या कमी केल्यात?"

"हात बघा ना माझे. सपाट आहेत."

"हात बघितले. आता मी रक्त बघतोय."

"रक्त तुम्हाला दिसतं, डॉक्टर. मला हात दिसतात."

"ते दिसतात तोवर गोळी घ्या," डॉक्टर म्हणाले.

दादांनी मान डोलावली. वहिनींनी गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घेतला. त्या रोज गोळी हातावर ठेवत आणि दादा ती तोंडात टाकत. काही काळ हे सुरळीत चालले.

मग नव्या वाचनालयाचे काम आले. इमारतीची समोरची सबंध बाजू काचेची होती. धाकटा म्हणाला, "मी कापतो, तू उभा राहून सांग." दादा म्हणाले, "तू कापशील रे. पण लोक म्हणतील, ह्यात रेघ कुठे वाकडी गेलीय ते शोधू या." त्या वाक्यावर दोघांत बोलाचाली झाली आणि धाकटा दिवसभर घुश्श्यात राहिला. दादांनी त्या दिवसापासून गोळी गालात धरून ठेवायला आणि मोरीत थुंकायला सुरुवात केली. थेंबांनी नजर काही वेळ पुसट होते म्हणून तेही सोडले.

गोळ्या एकाएकी तुटल्याने अंगातले त्राण गेले, पण हाताची थरथर हळूहळू थांबली. वाचनालयाच्या काचा दादांनी एकट्याने कापल्या. एकही फुकट गेली नाही. त्या आजही तेथे आहेत आणि कोणी पट्टी लावून पाहिली तरी कडेत उणे सापडणार नाही. या सबंध काळात त्यांच्या हातांवरचे व्रण पांढरे आणि सपाट राहिले. कातडीने एकदाही इशारा दिला नाही. रक्त तपासायची तारीख मध्ये येऊन गेली. दादा म्हणाले, काम संपले की जाऊ.

शेवटची काच बसवताना ते शिडीवर होते. खालून धाकट्याने हाक मारली, "दादा, डावीकडे दोन बोटं घे." दादांनी काच उजवीकडे नेली.

"डावीकडे, दादा!"

"तू कुठे आहेस?"

"इथे, खाली. तुझ्या पायाशी."

"मला फक्त काचेचा मधला भाग दिसतोय," दादा म्हणाले. "भोवतीचं काही दिसत नाही. मला उतरव."

आवाज शांत होता. धाकट्याने नंतर मला सांगितले की दादा ओरडला असता तर बरे वाटले असते.

उजव्या डोळ्यातली सूज न दुखता परतली होती. तिने डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवली, दाब वाढत गेला आणि त्या दाबाखाली दृष्टीची नस कडेकडून सुकत आली. रुग्णालयात शिरेतून औषधे दिली, दाब उतरवण्यासाठी शस्त्रक्रिया केली, नव्या प्रकारची इंजेक्शने सुरू केली. डॉक्टर बाई रोज येत. एका सकाळी त्यांनी दादांसमोर बोटे धरली आणि विचारले, "किती?"

"बोटं आहेत का?" दादांनी विचारले.

वहिनी खोलीबाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलेले होते.

उपचार पुढे चालूच राहिले, कारण विकार नुसता डोळ्याचा नव्हता. पुढच्या भेटीत मोठ्या डॉक्टरांपुढे रक्ताचे निकाल होते. एसीई मर्यादेत होते, कॅल्शियम मर्यादेत होते, रिसेप्टर उतरलेला होता, लिम्फोसाइट मोर्च्यावरून परतल्या होत्या. इतके चांगले निकाल दादांचे कधीच आले नव्हते. डॉक्टर भले गृहस्थ होते. हे आनंदाने सांगावे की नाही, हे त्यांना कळत नव्हते.

"रोग शांत झालाय," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"शांत होईल नाही तर काय," वहिनी म्हणाल्या. "घर धुऊन नेल्यावर चोरही स्वस्थ झोपतो."

"वहिनी," धाकटा म्हणाला.

"बोलू दे तिला," दादा म्हणाले. मग डॉक्टरांच्या आवाजाच्या रोखाने तोंड करून त्यांनी विचारले, "आता गोळ्या, इंजेक्शनं कशासाठी? जे वाचवायचं ते गेलं."

"फुप्फुसं आहेत, दादा. हृदय आहे. तिथेही हा वेढे घालू शकतो."

"आणि घातले तर मला कळेल? की तेही न दुखताच?"

डॉक्टरांनी निकालांचे कागद बाजूला ठेवले. "सुरुवातीला नाही कळणार. तुम्हाला नाही, आम्हालाही बाहेरून नाही."

"मग रक्त परत कधी घ्यायचं?"

"पुढच्या महिन्यात. पण आज रक्ताची एक तपासणी राहिलीय, तेवढी देऊन जा."

दादांनी शर्टाची बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात समोर लांब केला. परिचारिका समोर नव्हती. ती त्यांच्या डाव्या अंगाला सुई घेऊन उभी होती. तिने तो हात मनगटाशी धरला आणि सावकाश आपल्याकडे वळवून घेतला.